चापडा : डोंगरी रानांतील हिरवा विषारी साप

राजोडीहून पूर्वेस निघून आगगाडीचे रूळ ओलांडले म्हणजे पुढें तुंगारेश्वराचा डोंगर लागतो. त्याची उंची सुमारे २००० फूट असून तेथील सुमारे ८५ चौरस किलोमीटर रान २००३ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झालें. पावसाळ्यांत धबधबे पाहण्यास आपल्या गांवांतील पुष्कळ मंडळी तेथें जातात. त्याच रानांत, ओढ्याकांठच्या झुडपांत व बांबूच्या बेटांत, चापडा नांवाचा साप राहतो. त्याची ओळख विद्यार्थ्यांस व पालकांस करून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

साप दिसला कीं मुलें प्रथम त्याचा रंग पाहतात. परंतु केवळ रंगावरून सापाचा वर्ग ठरत नाहीं. उदाहरणार्थ, तीन हिरवे साप घेऊं. वाडीतल्या झुडपांवर दिवसां दिसणारा हरणटोळ दोरीसारखा बारीक असून त्याचें तोंड टोकदार व डोळ्यांतील बाहुली आडवी असते. त्याचें विष सौम्य असून त्यापासून मनुष्याच्या जिवास भय नसतें. गवतांत फिरणारा, बेडूक खाणारा जाडसर गवत्या मनुष्यास निरुपद्रवी आहे. तिसरा चापडा मात्र खरोखर विषारी आहे. त्याचें डोकें त्रिकोणी, मान बारीक व बाहुली उभी असते. रंगाच्या सारखेपणामुळें पहिले दोघे चापड्याच्या नांवावर विनाकारण मारले जातात.

चापडा हा घोणस व फुरसें यांच्या कुलांतील आहे. या कुलांतील सापांचे विषदंत लांब असून तोंड मिटतांना ते आंत दुमडले जातात. नाग व मण्यार यांचें कुल वेगळें. त्यांचे विषदंत आंखूड असतात व विषाचा परिणाम मुख्यतः मज्जातंतूंवर होतो. चापड्याच्या कुलांतील सापांचें विष मुख्यतः रक्तावर व मांसावर परिणाम करतें. मात्र घोणस व फुरसें यांस नसलेलें एक इंद्रिय चापड्यास आहे. त्याचा डोळा व नाकपुडी यांच्यामध्यें दोन्ही बाजूंस एकेक खळगा असतो. त्याच्या योगें त्याला उष्णता कळते; म्हणून काळोखांतही उंदराचा किंवा पांखराचा ठाव त्यास लागतो. असे खळगे असलेल्या सापांचें शास्त्रज्ञांनीं स्वतंत्र उपकुल मानलें आहे. आंबोलीच्या रानांत आढळणारा मलबारी चापडा याच उपकुलांतील होय.

विशाखापट्टणमकडे काम करणारे पॅट्रिक रसेल यांनीं या सापाचें वर्णन व चित्र १७९६ सालच्या आपल्या ग्रंथांत दिलें. त्यावरून जॉर्ज शॉ यांनीं १८०२ सालीं त्यास शास्त्रीय नांव दिलें. त्या नांवांतील ‘ग्रामिनिअस’ हा शब्द गवत या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. जातीचें हें नांव टिकलें. गणाचें नांव मात्र नव्या संशोधनानंतर ‘ट्रायमेरेसुरस’ ऐवजीं ‘क्रास्पेडोसेफालस’ असें झालें. ज्ञान वाढलें म्हणजे वर्गीकरणही सुधारावें लागतें.

चापडा दिवसां फांदीस शेपटीचा वेढा घालून निश्चल बसतो व रात्रीं शिकार करतो. बेडूक, पाली, सरडे, लहान पक्षी व उंदीर हें त्याचें भक्ष्य. त्याची मादी अंडीं न घालतां जिवंत पिलांस जन्म देते. तो होऊन अंगावर येत नाहीं. न पाहतां फांदी धरणाऱ्या हातासच बहुधा त्याचा दंश होतो.

या दंशानें मृत्यु क्वचितच येतो. पण वेदना व सूज फार होते, आणि कधीं रक्त गोठण्याच्या क्रियेंत बिघाड होतो. येथेंच वर्गीकरणाचें महत्त्व कळतें. आपल्याकडील सर्पविषावरील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषावर तयार केलेली असते. चापड्याच्या विषावर तिचा भरंवसा धरतां येत नाहीं. म्हणून डॉक्टर रोग्याची लक्षणें पाहून व रक्त गोठतें कीं नाहीं हें तपासून उपचार ठरवितात. साप कसा होता, हें रोग्यास सांगतां आलें तर त्यांस मदत होते. त्यासाठीं सापास मारूं किंवा पकडूं नये.

दंश झाल्यास अंगठी, कडें वगैरे काढावें. तो अवयव हलूं देऊं नये. जखम कापूं नये, चोखूं नये, दोरीनें आवळून बांधूं नये. मंत्रतंत्रांत वेळ न घालवितां रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. साप बिनविषारी होता असें वाटलें तरी हाच नियम पाळावा. भारतांत २००० ते २०१९ या काळांत सर्पदंशानें सुमारे १२ लक्ष माणसें मेलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील कित्येकांस वेळेवर उपचार मिळाले नाहींत.

पालकांस आमची विनंति अशी कीं, डोंगरावर जातांना मुलांच्या पायांत बूट असावे, रात्रीं हातीं विजेरी असावी, आणि फांदी धरण्यापूर्वीं ती पाहण्याची संवय त्यांस लावावी. विद्यार्थ्यांनीं तर वाडींतील हरणटोळ दुरून नीट पाहावा, त्याच्या तोंडाचा आकार वहींत काढावा, आणि मोठी माणसें काठी घेऊन धांवलीं तर तो कोण आहे हें त्यांस नम्रपणें सांगावें.