सहाव्या वर्षी येणारी दाढ

वार्षिक हिशेबातील ‘दंतविभाग : साहित्य’ या नोंदीपाशी विश्वस्त मंडळाची बैठक बहुधा थबकते. लहान मुलांचे दात पडून पुन्हा येणारच, मग त्यांवर एवढा खर्च कशासाठी, असा प्रश्न केला जातो. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यक नव्हे. तथापि बिले तपासताना डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते देणगीदार व पालक यांच्यापुढे ठेवणे उचित वाटते.

साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने घरात कोणाचे लक्ष जात नाही व ती दुधाचीच समजली जाते. तिच्या माथ्यावरील खाचा खोल असतात, वरचे आवरण कोवळे असते आणि ब्रश तेथवर क्वचितच पोहोचतो. दुसरी-तिसरीतील मूल रात्री गाल धरून रडू लागते, तेव्हा कीड पुष्कळदा नसेजवळ गेलेली असते. ‘काढूनच टाका, दुसरी येईल,’ असे पालक म्हणतात. दुसरी येत नाही. लेखकाची स्वतःची अशीच एक दाढ आठव्या वर्षी काढण्यात आली. मागची दाढ त्या जागेत कलंडली आणि आज पन्नाशी उलटल्यावरही घास एकाच बाजूने चावावा लागतो.

दाढ तोंडात दिसू लागली म्हणजे ती पूर्ण झाली, असे नव्हे. तिची मुळे पूर्ण होण्यास त्यानंतर अडीच ते तीन वर्षे लागतात. तोवर मुळाच्या भिंती पातळ आणि टोक नरसाळ्यासारखे उघडे असते. हे बांधकाम आतील जिवंत दंतमज्जा, जिला आपण नस म्हणतो, ती करीत असते. नस मेली की काम अर्धवट राहते. मग मोठ्यांचे नेहमीचे रूट कॅनॉलही नीट साधत नाही, कारण भरलेले साहित्य उघड्या टोकातून बाहेर जाऊ शकते आणि पातळ मूळ पुढे मोडण्याची भीती राहते.

म्हणून अशा दाढेत नस जगविणे हाच पहिला उपचार होय. कीड खोल असूनही नस निरोगी असेल, तर तिच्यालगतचा मऊ पडलेला पातळ थर मुद्दाम तसाच ठेवून वर औषध व घट्ट भरण करतात. नस उघडी पडली असेल, तर सुजलेला वरचा भाग काढून मुळांतील जिवंत भाग राखतात. नस पूर्ण मृत झाली असेल, तर पूर्वी कॅल्शियम हायड्रॉक्साइड महिनोन् महिने बदलत राहावे लागे. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात १९९०च्या दशकात डॉ. महमूद तोराबिनेजाद यांनी पुढे आणलेल्या ‘एमटीए’मुळे उघडे टोक एक-दोन भेटींत बंद करता येऊ लागले. हा पदार्थ मुळात बांधकामाच्या पोर्टलंड सिमेंटचाच शुद्ध भाऊबंद असून एक्स-रेमध्ये दिसावा म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड घातलेले असते. ओलाव्यात तो घट्ट होतो, हा त्याचा मोठा गुण. सिमेंटच्या मानाने त्याचे बिल पाहून लेखकही प्रथम चकित झाला होता.

मात्र खरी अडचण साहित्याची नाही. उपचारानंतर दुखणे थांबते आणि मूल पुन्हा येत नाही. नस काहीही न दुखता मरू शकते. मूळ वाढते आहे की नाही, हे ठराविक महिन्यांनी काढलेला एक्स-रेच सांगतो. पहिल्या भेटीचा आणि वर्षानंतरचा असे दोन एक्स-रे डॉक्टरांनी शेजारी ठेवून दाखविले, तेव्हा लांबलेले व टोकाशी मिटत आलेले मूळ आमच्यासारख्या अनभिज्ञासही ओळखता आले. दुसरा एक्स-रे नसलेल्या मुलांचे काय झाले, हे आमच्या दप्तरात नाही. भोर-मुळशीकडील पालकांचा अशा प्रत्येक खेपेस दिवसाचा रोजगार बुडतो व एस.टी.चे भाडे पडते, ते वेगळेच.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांतील तपासणीत दातांची कीडही पाहिली जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखतात. परंतु दाढेसाठी आलेले मूल खाट अडवीत नाही, त्यामुळे खाटांच्या आकड्यांत ते दिसतच नाही. यास्तव फेरतपासणीस येणाऱ्या मुलाच्या व सोबतच्या एका पालकाच्या प्रवासभाड्यासाठी देणग्यांतून स्वतंत्र तरतूद करावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे सादर केला आहे. पालकांनी मुलास काही दुखत नसले तरीही कार्डावरील तारखेस आणावे, ही विनंती.