चॉकलेटच्या कागदातून कापडवाल्यांनी काय घ्यावे?

चॉकलेट खाऊन झाले की त्याचा कागद आपण चुरगाळून फेकतो. व्यापारी माणसाने तो फेकण्यापूर्वी एकदा उलगडून पाहावा. दुकानाच्या काउंटरवर वीस प्रकारची चॉकलेटे मांडलेली असतात आणि त्यांतले एकही चाखून घेण्याची सोय नसते. गिऱ्हाईक हात घालते ते कागद पाहून. आम्ही कापडाच्या धंद्यातले, गोळ्या-चॉकलेटांशी आमचा संबंध फक्त खाण्यापुरता. तरीही या कागदात आपल्या कामाचे पुष्कळ आहे, असे आमचे मत आहे.

पहिले उदाहरण आमच्या शेजारचेच. मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे वालचंद हिराचंद यांनी 1933 साली साखर कारखाना उभारला. पुढे तेथेच गोळ्या बनू लागल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही नावे देशभर पानपट्टीच्या बरण्यांमधून पोहोचली. फेब्रुवारी 2024 मध्ये रिलायन्स समूहातील कंपनीने हा गोळ्यांचा व्यवसाय 27 कोटी रुपयांना घेतला. पण घेतले काय? नावे, छाप आणि बनवण्याच्या कृती. जमीन, इमारत आणि यंत्रे या सौद्यात नव्हतीच. म्हणजे पैसा मोजला गेला तो बहुतांशी कागदावर छापलेल्या नावाचा.

आता त्याच तालुक्यातल्या आमच्या मागांकडे पाहा. माग रात्रंदिवस खडखडतो. कोरे कापड पाली-बालोतऱ्याला जाते, तेथे रंगते, छापले जाते आणि दुसऱ्याच्याच नावाने दुकानात येते. विणणाऱ्याच्या हाती मीटरमागे काही पैसे उरतात. माग विकायला काढला तर भंगाराच्या भावाची बोली लागते, कारण मागाबरोबर विकावे असे नाव आपल्याकडे नसते. ही मेहनतीची कमतरता नव्हे, कागदाची आहे.

नाव कमवायचे कसे, यासाठी किटकॅटचा कागद पाहण्यासारखा आहे. हे चॉकलेट 1935 साली इंग्लंडमध्ये निघाले. वेष्टन लाल. दुसऱ्या महायुद्धात दुधाचा तुटवडा पडला आणि नेहमीचे दुधाचे चॉकलेट बनवणे अशक्य झाले. कंपनीने बिनदुधाचा माल काढला, पण तो लाल कागदात घातला नाही. कागद निळा केला आणि माल नेहमीचा नाही हे गिऱ्हाइकाला स्पष्ट कळू दिले. दूध मिळू लागल्यावर लाल रंग परत आला. आपल्या बाजारात सुताचा काउंट उतरला तरी लेबल जुनेच राहते, याची येथे आठवण होते. जास्त बोलत नाही, जाणकारांनी समजून घ्यावे.

याच किटकॅटची जपानमधली हिकमत तर निराळीच. जपानी भाषेत ‘किट्टो कात्सू’ म्हणजे ‘नक्की जिंकशील’. नावाशी हा मेळ जुळल्यामुळे परीक्षेला बसणाऱ्या मुलांना हे चॉकलेट देण्याची चाल पडली. 2009 साली कंपनीने जपानच्या टपाल खात्याशी मिळून असे वेष्टन काढले की त्यावरच शुभेच्छा लिहायच्या, पत्ता घालायचा आणि टपालात टाकायचे. वेष्टनाचे पत्र झाले! 2019 मध्ये मोठ्या पाकिटाची बाहेरची पिशवी प्लास्टिकऐवजी कागदाची केली आणि त्या कागदाला घड्या घालून पक्षी कसा करावा हेही सांगितले. फेकण्याची वस्तू लोक जपून ठेवू लागतील अशी ही युक्ती.

आपण हे कसे वापरावे? चॉकलेट झाकून विकता येते, कापड मात्र हात लावल्याशिवाय कोणी घेत नाही. म्हणून पूर्ण बंद पाकीट लुंगी-ओढणीला उपयोगाचे नाही. जुन्या किटकॅटला आत चांदीचा कागद आणि वर लाल कागदाची पट्टी असे, तशी नुसती पट्टी घडीभोवती घालावी. दोन्ही बाजूंनी कापड मोकळे राहते, गिऱ्हाईक पोत चाचपते आणि नाव मधोमध दिसते. रुमाल व लहान मुलांचे कपडे गुंडाळून, पारदर्शक कागदात दोन्ही टोकांना गोळीसारखा पीळ देऊन मांडले तर ईदच्या दिवसांत काउंटरवर उठून दिसतात. पट्टीच्या आतल्या बाजूला ‘यांस’ आणि ‘यांजकडून’ अशा दोन कोऱ्या ओळी छापल्या की तीच ईदीची चिठ्ठी होते. 

ज्यांचा छोटा छापखाना आहे त्यांच्यासाठी शादी-वलीम्याची चॉकलेटे हे चांगले काम आहे. वर-वधूचे नाव छापलेली पट्टी तयार चॉकलेटवर चढवायची. मूळ वेष्टन काढू नये. त्यावर बनवणाऱ्याचे नाव, तारीख आणि परवाना क्रमांक असतो. पट्टी मूळ कागदाला चिकटवू नये, सरकवता येईल अशी ठेवावी. माप घेताना दोरा वडीभोवती फिरवून त्यात एक सेंटिमीटर जोडासाठी धरावा. चॉकलेट साधारण 34 अंशांना वितळते आणि खानदेशात लग्ने होतात ती 40 अंशांच्या पुढे, म्हणून एप्रिल-मेच्या ऑर्डरला चिक्की किंवा कडक गोळी सुचवावी. अशा कागदावर आयत छापू नये. जो कागद मंडपात पायाखाली जाणार त्यावर काय लिहावे हे कळायला फार इल्म लागत नाही.

एक गोष्ट मात्र सक्त टाळावी, ती म्हणजे नकल. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेतघर, गाई, कोंबड्या आणि बादली घेतलेली मुलगी असे चित्र होते. म्हैसूरच्या एका कंपनीने तसेच शेतघर, गाई व कोंबड्या काढून मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा दिला. खालच्या न्यायालयांनी दोन्हींतले फरक मोजून पार्लेचा दावा फेटाळला. 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायालयाचा विचार असा की गिऱ्हाईक दोन वेष्टने शेजारी ठेवून फरक शोधत बसत नाही, त्याच्या मनात एकंदर चित्र राहते. 2022 साली दिल्ली उच्च न्यायालयात ‘जेम्स’ गोळ्यांच्या वेष्टनाची नकल करणाऱ्यालाही नुकसानभरपाई द्यावी लागली. नामवंत मिलच्या लेबलात एक अक्षर बदलून माल काढणाऱ्या बंधूंनी हे दोन निकाल वकिलाकडून समजून घ्यावेत.

आपले स्वतःचे नाव नोंदवणे तेवढे महाग नाही. 2017 च्या नियमांप्रमाणे एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गास 4,500 रुपये आहे. कापडाचा वर्ग 24, तयार कपड्यांचा 25 आणि मिठाई-गोळ्यांचा 30. नोंदणी 10 वर्षे चालते, नंतर नूतनीकरण करता येते.