रक्ताची नळी हलवावी कशी आणि कोणत्या यंत्राने?

औषधाच्या बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा’ असे छापलेले असते. न हलवता दिले तर पहिल्या चमच्यात नुसते पाणी आणि शेवटच्या चमच्यात सगळे औषध, हे कोणत्याही आईला समजावून सांगावे लागत नाही. तपासणीसाठी दिलेल्या रक्ताचेही तसेच आहे. फरक एवढाच, की रक्ताच्या नळीवर तशी चिठ्ठी नसते आणि ती हलवली की नाही, हे रुग्णाला कळत नाही.

“डॉक्टरसाहेब, एका लॅबमध्ये हिमोग्लोबिन साडेसात आले, दुसरीकडे साडेनऊ. खरे कोणते?” हा प्रश्न दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. अशा फरकाची कारणे अनेक असतात. त्यांतले एक अगदी साधे आणि टाळता येण्याजोगे कारण म्हणजे नमुना नीट न मिसळणे. आपल्या जिल्ह्यातील अनेक तरुण डीएमएलटी करून तालुक्याच्या गावी लॅब थाटतात. त्यांना मिसळण्याचे यंत्र घेताना उपयोग व्हावा आणि इतर वाचकांना आपल्या रिपोर्टमागे काय घडते ते कळावे, यासाठी आजचा लेख.

रक्त खाली का बसते?

रक्त म्हणजे पिवळसर द्रवात तरंगणाऱ्या पेशी. नळी उभी ठेवली की जड लाल पेशी हळूहळू तळाशी जातात आणि वर पातळ द्रव राहतो. ईएसआर नावाची तपासणी याच खाली बसण्याचा वेग मोजते. आता अशी नळी न हलवता यंत्राखाली धरली, तर यंत्राची सुई वरचे रक्त ओढते की तळाचे, यावर आकडा ठरणार. वरचे ओढले तर हिमोग्लोबिन खोटे कमी, तळाचे ओढले तर खोटे जास्त.

यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की रक्तक्षय असला की पेशी सहसा अधिक वेगाने खाली बसतात. गरोदरपणातही हा वेग वाढतो. म्हणजे ज्या गरोदर, रक्त कमी असलेल्या बाईचा आकडा सर्वांत अचूक हवा, तिचाच नमुना सर्वांत लवकर बिघडतो. तिला रक्त चढवायचे की गोळ्यांवर भागेल, बाळंतपण गावात करायचे की जिल्हा रुग्णालयात, हे सारे त्या एका आकड्यावर ठरते. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांतून घाट उतरून येणारा नमुना तर लॅबमध्ये पोहोचेपर्यंत काही तास जुना झालेला असतो.

पहिले मिसळणे हातानेच

जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असते. रक्त भरल्याबरोबर नळी सावकाश उलटी-सुलटी करावी, ८ ते १० वेळा. निळ्या टोपणाची नळी ३ ते ४ वेळा पुरे. यात दिरंगाई झाली, की बारीक गुठळ्या होतात. गुठळीत प्लेटलेट अडकतात, रिपोर्टमध्ये त्या कमी दिसतात आणि तापाच्या दिवसांत घरातील माणसे डेंग्यूच्या भीतीने हवालदिल होतात. एकदा गुठळी झाली, की कोणतेही यंत्र ती सोडवू शकत नाही. नमुना पुन्हाच घ्यावा लागतो.

नळी काठोकाठ भरू नये. वर हवेची जागा नसेल तर रक्त हलत नाही, मग नळी कितीही फिरवा. तसेच जोराने झटकू नये. झटकल्याने लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातील पोटॅशियम बाहेर येऊन रिपोर्टमध्ये ते खोटे वाढलेले दिसते. ताक घुसळतो तसे रक्त घुसळायचे नसते.

कोणत्या कामाला कोणते यंत्र?

बाजारात ‘शेकर’ म्हणून जे मिळते ते सगळे एक नव्हे. टेबलावर मावणाऱ्या लहान यंत्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार लक्षात ठेवावेत.

पहिला प्रकार रोलर मिक्सर. आडव्या रुळांवर नळ्या ठेवतात, रूळ संथ फिरतात आणि नळ्या गडगडत खालीवर झुलतात. सीबीसीच्या नमुन्यांसाठी हाच योग्य. तपासणीपूर्वी काही मिनिटे पुरतात. दिवसभर नळ्या फिरवत ठेवू नयेत. फ्रिजमधला नमुना आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, मग मिसळावा.

दुसरा प्रकार सपाट ताटलीचा रोटेटर. आपल्याकडे त्याला सरसकट ‘व्हीडीआरएल शेकर’ म्हणतात. यात वेगाला फार महत्त्व आहे. व्हीडीआरएलची काचपट्टी मिनिटाला १८० फेऱ्यांनी ४ मिनिटे फिरवायची असते, तर आरपीआरचे कार्ड १०० फेऱ्यांनी ८ मिनिटे. वेग किंवा वेळ चुकली तर निकाल चुकू शकतो. म्हणून एकाच वेगाचे यंत्र दोन्ही कामांना चालत नाही.

तिसरा व्होर्टेक्स मिक्सर. नळीचे बूड रबरी वाटीवर टेकवले, की आतला द्रव भोवऱ्यासारखा फिरतो. रसायने विरघळवायला हे उत्तम. पण सीबीसीच्या रक्ताची नळी यावर कधीही धरू नये.

ज्या लॅबमध्ये दिवसाला पाच-दहाच नमुने येतात, तिथे सीबीसीसाठी रोलर नसला तरी अडत नाही. प्रत्येक नळी तपासणीच्या अगदी आधी ८-१० वेळा उलटी-सुलटी केली, की काम भागते. नमुने वाढले, एकटा माणूस अनेक कामांत अडकू लागला, की यंत्र घ्यावे.

घेताना काय पाहावे?

१. वेग बदलता यावा आणि आकड्यात दिसावा. नुसते ‘हळू-जलद’ लिहिलेले बटण पुरेसे नाही.

२. वेळ लावण्याची सोय असावी. लॅबमध्ये माणूस एकच असतो, त्याला दुसऱ्या कामात भान राहत नाही.

३. आपल्या सर्व मापांच्या नळ्या, विशेषतः लहान मुलांच्या बारीक नळ्या, त्यावर नीट बसतात का हे दुकानात पाण्याने भरून पाहावे.

४. यंत्राला रबरी पाय असावेत आणि ते जागेवरून सरकू नये. सूक्ष्मदर्शक किंवा तराजूच्या टेबलावर ते ठेवू नये.

५. रक्त सांडणारच, हे धरून चालावे. रूळ किंवा ताटली काढून एक टक्का हायपोक्लोराइटने पुसता आली पाहिजे, आणि नंतर पाण्याने पुसून कोरडी करता आली पाहिजे. नाहीतर धातूला गंज चढतो.

६. आपल्याकडे वीज जाते आणि दाबही कमीजास्त होतो. इन्व्हर्टरवर यंत्र त्याच वेगाने चालते का, ते विकत घेण्यापूर्वी तपासावे.

७. पट्टा किंवा मोटार बिघडली तर दुरुस्ती कोण करणार, सुटा भाग किती दिवसांत मिळणार, हे बिलावर लिहून घ्यावे. स्वस्त यंत्र सहा महिने बंद पडून राहिले तर ते महागच पडते.

वेगाची खात्री घरच्या घरी करता येते. ताटलीच्या कडेला रंगीत ठिपका लावावा, मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करावे आणि खऱ्या १० सेकंदांतील फेऱ्या मोजाव्यात. १८० चा वेग असेल तर ३० फेऱ्या भरल्या पाहिजेत. ही पडताळणी महिन्यातून एकदा करून वहीत नोंदवावी.

सिकलसेलसाठी विशेष काळजी

आपल्या आदिवासी भागात सिकलसेलची तपासणी मोठ्या प्रमाणावर होते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. प्राथमिक तपासणी विद्राव्यता चाचणीने होते. रसायनात थोडेसे रक्त टाकून मिसळतात आणि काही मिनिटांनी नळीमागे रेघांचा कागद धरतात. मिश्रण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर चाचणी पॉझिटिव्ह.

आता नमुना न हलवता वरचा पातळ भागच घेतला गेला तर? पेशी कमी, मिश्रण स्वच्छ, रेघा स्पष्ट, आणि कागदावर ‘निगेटिव्ह’. हिमोग्लोबिन फार कमी असेल तरीही असेच फसायला होते, म्हणून अशा रुग्णात रक्ताचे प्रमाण वाढवून चाचणी करतात. वाहक असलेल्या मुलाला किंवा मुलीला ‘काही नाही’ असे सांगितले गेले आणि पुढे जोडीदारही वाहक निघाला, तर होणाऱ्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पॉझिटिव्ह आलेल्याने तो वाहक आहे की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसने निश्चित करून घ्यावे.

नातेवाइकांनी काय करावे?

दवाखान्यातून लॅबपर्यंत नळी नेण्याचे काम आपल्याकडे बऱ्याचदा घरच्या माणसावर येते. नळी खिशात आडवी टाकू नये, डबीत उभी ठेवावी. मोटारसायकलच्या तापलेल्या डिकीत किंवा थेट बर्फावर ठेवू नये. वाटेत चहाला न थांबता आधी नळी पोहोचवावी आणि रक्त किती वाजता काढले ते लॅबमध्ये सांगावे. रिपोर्ट आणि रुग्णाची अवस्था जुळत नसेल, तर घाबरून जाऊ नका आणि लॅबवाल्याशी भांडूही नका. ताजा नमुना देऊन तपासणी पुन्हा करून घ्या आणि दोन्ही कागद आपल्या डॉक्टरांना दाखवा.