निवृत्तांचा उन्हाळा : बाग, घर आणि कुत्रा

सेवानिवृत्तीनंतरचा काळ विश्रांतीचा मानला जातो. परंतु पनवेल परिसरातील ज्येष्ठांची दिनचर्या जवळून पाहिली, तर ती रिकामी नसते असे दिसून येते. रसायनी, पाताळगंगा व तळोजा येथील कारखान्यांत, शाळांत किंवा मुंबईच्या कचेऱ्यांत उमेदीची वर्षे घालवलेली अनेक मंडळी आता येथे स्थिरावली आहेत. पहाटे कुत्र्याला फिरवून आणणे, मोगऱ्याला व कढीपत्त्याला पाणी घालणे, दुपारी गच्चीवरील वाळवणाची राखण, सायंकाळी पुन्हा झारी आणि पुन्हा कुत्रा, असा त्यांचा उन्हाळा जातो. मुले बहुधा परगावी असतात. या साध्या कामांचे आरोग्याच्या दृष्टीने मोल काय, त्यांतील धोके कोणते आणि कुटुंबीयांनी कोणती तजवीज करावी, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

जमेची बाजू

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचे शारीरिक श्रम करावेत. त्यासाठी व्यायामशाळेतच जावे लागते असे नाही. अंगण झाडणे, कुंड्यांतील माती भुसभुशीत करणे, भरभर चालणे हे सर्व श्रम त्यात धरले जातात.

कुत्र्याच्या सोबतीविषयी स्वीडनमधील एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ४० ते ८० वर्षे वयाच्या ३४ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी त्यात तपासण्यात आल्या. एकट्या राहणाऱ्यांपैकी ज्यांनी कुत्रा पाळला होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका कुत्रा न पाळणाऱ्या एकट्यांपेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी आढळला. येथे सावधगिरीचा एक शब्द आवश्यक आहे. हिशेबाच्या वहीत दोन आकडे शेजारी आले, म्हणजे एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. मुळात धडधाकट असलेली माणसेच कुत्रा पाळत असण्याचा संभव आहे. तथापि, ठरल्या वेळी उठून दाराशी जाण्याचे निमित्त कोणीतरी देते, ही गोष्ट एकाकी माणसासाठी थोडी नव्हे.

उन्हाची बाजू

१६ एप्रिल २०२३ रोजी पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतील खारघर येथे मोकळ्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी तापमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस होते. विदर्भाच्या मानाने हा आकडा मोठा वाटत नाही. पण किनारपट्टीचे गणित वेगळे आहे. हवामान खातेदेखील उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशासाठी ४० अंशांची, तर किनारपट्टीसाठी ३७ अंशांचीच मर्यादा धरते. घाम वाळला तरच शरीर थंड होते, आणि आपल्याकडील दमट हवेत तो वाळत नाही.

वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी व क्षार आणखी कमी होतात. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी घ्यावे. मात्र हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कोकम सरबत व पन्हे उत्तम. पण मधुमेहींनी त्यातील साखर आणि रक्तदाब असलेल्यांनी मीठ ध्यानात ठेवावे. बागेचे व बाहेरचे काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या आणि अंग तापले, तर त्याला सावलीत आणून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

बागेतील व घरातील धोके

कोकणातील उन्हाळ्यात लाकडे, विटा व पालापाचोळ्याच्या ढिगाखाली लाल विंचू दडलेला असतो. त्याचे विष हृदयावर आघात करते. या दंशावरील उपचाराचे मोठे कार्य आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केले. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या दंशात जीव वाचवते, हे त्यांनी दाखवून दिले आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. दंशानंतर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. मंत्रतंत्रात वा जखम कापण्यात वेळ दवडू नये. ढिगात उघडा हात घालू नये आणि अंगणातील चपला झटकून घालाव्यात.

कुंड्यांखालच्या ताटल्या व पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ओतून, भांडी घासून कोरडी करावीत. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. वाळवणासाठी किंवा माळ्यावरचा डबा काढण्यासाठी स्टुलावर चढणे ज्येष्ठांनी वर्ज्य करावे. खुब्याचे एक हाड मोडले, की बाग, स्वयंपाकघर आणि कुत्रा ही तिन्ही एकदम दुरावतात.

कुत्र्याविषयी

कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू काही क्षणही टेकवता येत नसेल, तर त्या रस्त्यावर त्याला नेऊ नये. साखळी मनगटाला गुंडाळून चालू नये; अचानक हिसका बसून पडण्याचा संभव असतो. पाळीव कुत्र्याचे रेबीजचे लसीकरण नियमित करून घ्यावे. कोणत्याही कुत्र्याचा दात वा नख लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून इंजेक्शने दिलेल्या तारखांना पूर्ण करावीत.

दाखल होण्याचा प्रश्न

रुग्णाला दाखल करून घेण्याच्या टेबलावर आम्हास एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. अनामत रकमेचा नव्हे. घरी कुत्र्याला कोण बघणार, हा. एकटे राहणारे काही ज्येष्ठ केवळ त्यापायी उपचार पुढे ढकलतात; काही जण वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध जात असल्याचे लिहून देऊन घरी परततात. बाहेरून पाहणाऱ्यास हा हट्ट वाटतो. आम्हास तो तसा वाटत नाही. आपल्यावाचून ज्याचे अडते असा एक जीव घरी आहे, ही जाणीव माणसाला उभे ठेवते आणि तीच त्याला रुग्णालयात टिकू देत नाही. त्या जाणिवेची टिंगल न करता तिची सोय लावणे, हेच आप्तांचे काम आहे.

याकरिता आमची विनंती अशी. घराची दुसरी किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असावी. एका कागदावर आपली औषधे, नातेवाइकांचे दूरध्वनी, कुत्र्याच्या जेवणाची वेळ व त्याच्या डॉक्टरांचे नाव लिहून तो फ्रीजच्या दारावर लावावा. शेजाऱ्याने आजारपणाआधीच चार दिवस कुत्र्याला फिरवून ओळख करून घ्यावी. परगावच्या मुलांनी फोनवर ‘औषध घेतलेत ना’ याबरोबरच ‘मोगरा फुलला का, कुत्रा जेवला का’ हेही विचारावे. त्या उत्तरांतून प्रकृतीचा खरा अंदाज पुष्कळदा आधी येतो.

आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांपैकी अनेकांच्या घरी असे एक ज्येष्ठ आहेत. वैशाखाचे ऊन चढण्यापूर्वी वरील कागद त्यांच्या शेजारी बसून लिहून घ्यावा, ही नम्र विनंती.