आवाज घरघंटीचा, बिल कोणाचं?



श्रावणातल्या बैठकीला एक ताई हप्ता भरायला आली आणि हप्त्याच्या आधी विजेचं बिलच पुढं केलं. जूनच्या सुरुवातीला तिनं गटाच्या कर्जातून घरघंटी घेतली. एरवी महिन्याला साठ-पासष्ट युनिट यायचे, या वेळी आले १७६. घरात रोज वाद. सासूबाई म्हणतात, "ही घंटी विका, नाहीतर घर विकायची पाळी येईल." ताईनं मला विचारलं, "मॅडम, विकू का?"

खरं सांगते, मलाही तेव्हा घंटीच खातेय असं वाटलं. माझं शिक्षण समाजकार्याचं, विज्ञान दहावीनंतर सुटलं. पण नुसत्या अंदाजावर कुणाचा धंदा बंद करायचा नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तिच्या ओट्यावर बसून हिशोब केला. तोच इथं देते. गुणाकार-भागाकार येतो ना, तेवढं पुरे.

आधी चार शब्द

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. पाण्याची टाकी जेवढी उंच तेवढा नळाला जोर, तसंच हे. आपल्या घरात तो साधारण २३० व्होल्ट असतो.

अँपिअर म्हणजे तारेतून किती वीज वाहते ते. नळातून पडणारी धार समजा.

वॅट म्हणजे वस्तूची भूक. व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वॅट येतात. वस्तूच्या मागं किंवा खाली चिकटवलेल्या पट्टीवर हा आकडा असतो.

युनिट म्हणजे खाल्लेलं अन्न. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. बिल युनिटचं येतं, वॅटचं नाही. म्हणून वस्तू केवढी हे जसं बघायचं, तसंच ती किती वेळ चालते हेही बघायचं.

सूत्र एवढंच: वॅट × तास ÷ १००० = युनिट

ताईच्या घरचा हिशोब (महिना ३० दिवसांचा)

- बल्ब ४, प्रत्येकी ९ वॅट, रोज ५ तास: ५.४ युनिट
- पंखे २, प्रत्येकी ७५ वॅट, रोज १० तास: ४५ युनिट
- टीव्ही ५० वॅट, रोज ४ तास: ६ युनिट
- मिक्सर ५०० वॅट, रोज १२ मिनिटं: ३ युनिट
- घरघंटी ७५० वॅट, रोज २ तास: ४५ युनिट

बेरीज १०४ च्या आसपास. बिलात तर १७६. मग बाकीचे सत्तर गेले कुठं? रीडिंग चुकलं का म्हणून मीटर बघितला, बिलावरचा 'चालू रीडिंग'चा आकडा मीटरशी जुळत होता. तेवढ्यात धाकटी मुलगी म्हणाली, "आई, रॉड राहिला की!"

पावसात सरपण ओलं, चूल पेटेना, म्हणून जूनपासून आंघोळीचं पाणी रॉडवर तापत होतं. रॉड १५०० वॅटचा. बादलीला पंधरा मिनिटं, माणसं सहा, म्हणजे रोज दीड तास. १५०० × १.५ ÷ १००० = सव्वादोन युनिट रोज. महिन्याला ६७.५ युनिट. आता बेरीज १७२. उरलेले चार मोबाईल चार्जिंग आणि इकडंतिकडं.

घंटी घरघर करते, सगळ्या गल्लीला ऐकू येते. रॉड बादलीत मुकाट्यानं बसतो. त्यामुळं नाव घंटीचं झालं आणि जास्त खाल्लं रॉडनं.

पैसे किती?

घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांना कमी दर असतो. त्यापुढच्या युनिटांना दर एकदम वाढतो. तुमचा दर तुमच्या बिलावर बघा. हिशोब सोपा जावा म्हणून मी पहिल्या शंभरला ६ रुपये आणि पुढच्याला १२ रुपये धरले. (स्थिर आकार आणि वीज शुल्क वेगळं.)

- पूर्वी, साधारण ६० युनिट: ३६० रुपये
- आता, १७२ युनिट: ६०० + ८६४ = १४६४ रुपये
- रॉड नसता तर, १०४ युनिट: ६०० + ४८ = ६४८ रुपये

म्हणजे एका रॉडचे आठशेच्या वर. तो शंभराच्या पुढं गेला, म्हणून त्याचं जवळजवळ प्रत्येक युनिट महागातलं पडलं.

आता घंटी. तासाला सात किलो धरले तर दोन तासांत १४ किलो, महिन्याला ४२० किलो. किलोला ५ रुपये दळणावळ, मिळाले २१०० रुपये. तिची सगळी ४५ युनिटं महाग दरानं धरली तरी ५४० रुपये होतात, म्हणजे किलोमागं सव्वा रुपयाच्या आसपास. उरले १५६०. गटाचा हप्ता १००० चा. तो देऊन ५६० हातात, आणि कर्ज फिटल्यावर सगळे तिचे. ही घंटी विकायची?

हे आकडे सासूबाईंसमोर वाचले. त्यांनी विचारलं, "मग रॉडचं काय करायचं?" वाद तिथंच मिटला. आता लहान मुलांपुरतंच पाणी रॉडवर, दोन बादल्या, अर्धा तास. बाकीच्यांचं चुलीवर. पुढच्या वर्षी मे महिन्यातच सरपण पत्र्याखाली भरून ठेवायचं ठरलंय.

पट्टी पुसली असेल तर

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ बऱ्याच मीटरवर ३२०० हा आकडा असतो. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करा, एकच वस्तू चालू ठेवा आणि एक मिनिट मोजा. घंटी दळत असताना आम्ही ४० मोजले. ४० × ६० = २४००, भागिले ३२००, म्हणजे तासाला पाऊण युनिट. पट्टीवरचे ७५० वॅट बरोबर निघाले! मीटरवर वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

दोन गोष्टी जिवाच्या

पहिली. १५०० ÷ २३० = साडेसहा अँपिअर. छोट्या पिनचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. त्यात रॉड लावला की बोर्ड तापतो, काळा पडतो, जळतो. रॉड, इस्त्री, गिझर १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच. एक्स्टेन्शनवर तर नाहीच. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय बादलीत बोट घालायचं नाही.

दुसरी. संध्याकाळी दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला तर रॉडला पाणी तापवायला पंधराऐवजी पंचवीस मिनिटं लागतात, युनिट मात्र तेवढेच जातात. पण घंटीची मोटर कमी दाबावर जास्त अँपिअर ओढते, गरम होते, जळूही शकते. घंटी नुसती गुणगुणली आणि फिरली नाही तर लगेच बंद करा. दळण सकाळी घ्या.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येकीनं आपलं बिल आणि घरातल्या वस्तूंची यादी आणा: वस्तू, वॅट, रोजचे तास. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्या. ज्या तायांनी घरून धंदा सुरू केलाय, त्यांनी त्याच मीटरवर चालतं का आणि दर कोणता लागतो, हे वीज कार्यालयात आधी विचारून घ्या. आणि कर्जाच्या अर्जात मशीनच्या किमतीखाली एक ओळ वाढवूया: महिन्याचे युनिट किती. मशीन घरी येण्याआधी हे कळलं, तर ती विकायची का, हा प्रश्न कुणालाच पडणार नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक