*फवारणीआधी पान पलटा: पीक मित्रकीटकांना हाक मारतं*



ढगाळ हवा पडली की ऑफिसला ठरलेला फोन येतो, "उसावर लोकरी मावा दिसला, काय मारू?" मारण्याआधी हा मेसेज पूर्ण वाचा.

*वासाची हाक*
किडीने पान खाल्लं की पीक वेगळा वास सोडतं. अमेरिकेत मक्यावर झालेला अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं पान कापलं तर हा वास फारसा येत नाही, पण जखमेवर अळीची लाळ लागली की काही तासांत सुटतो. त्या वासावर परोपजीवी माशी अळीला शोधत येते.
मावा किंवा लाल कोळी लागलेली बरीच पिकं मिथाइल सॅलिसिलेट सोडतात. गुडघ्याला चोळायच्या मलमाला येतो, तोच हा वास. ढालकिडा आणि क्रायसोपा त्याकडे ओढले जातात. माव्याच्या चिकट स्रावाचा वासही त्यांना माग दाखवतो.

पण हाक ऐकायला आसपास कोणी जिवंत पाहिजे ना! सरसकट फवारणीत आधी हेच मरतात.

*मित्रकीटक काय करतात, हे आपण उसात पाहिलंय*
२००२ मध्ये सांगली जिल्ह्यात लोकरी मावा दिसला आणि पुढे राज्यभर पसरला. उंच वाढलेल्या उसात फवारणी नीट पोचत नव्हती. तेव्हा डिफा आणि मायक्रोमसच्या अळ्यांनी मावा खाऊन आटोक्यात आणला. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनेही या कामात मदत केली.

*आता काय करायचं?*
१) प्लॉटमध्ये पाच ठिकाणी पानं पलटून बघा. माव्यात जाळीखाली हिरवट अळी दिसली तर ती डिफा. बारीक, तपकिरी, चपळ अळी म्हणजे मायक्रोमस.
२) या अळ्या दिसल्या तर तिथे कीटकनाशक मारू नका.
३) दिसल्या नाहीत तर शेजारच्या प्लॉटमधून अळ्या-कोष असलेले पानांचे तुकडे आणून मावा असलेल्या पानांना टाचा.
४) बांधावर झेंडू, कोथिंबीर, बडीशेप फुलू द्या. प्रौढ मित्रकीटकांना मध आणि परागकण लागतात.

ओळखता येत नसेल तर पानाच्या *खालच्या बाजूचा* फोटो याच नंबरवर पाठवा. उत्तर येईपर्यंत पंप भरू नका.

– आपला कृषी सल्लागार, पुणे ऑफिस