आधी रोस्टर बघ, मग विमान

अगं, एटीआरचं पत्र आलंय आणि तू तोंड पाडून बसलीस, असं काकू फोनवर सांगत होती. एअरबसवाल्यांनी वेटिंगवर ठेवलंय, आणि मनात तर बोइंग ट्रिपल सेव्हन! काका उद्या तुमसरच्या बाजारात कौतुकानं सांगणार, पोरगी पायलट झाली. समोरचा विचारणार, मोठं विमान की छोटं? पंख्याचं आहे म्हटलं की त्याचा चेहरा पडेल. पडू दे. पहाटे तीनला त्याला उठायचं नाही, तुला उठायचंय.

खरं सांगू? विमानाचं कौतुक फार टिकत नाही. टाइप रेटिंग, सिम्युलेटर, लाइन ट्रेनिंग, शेवटची चेक एकदा झाली की ते आपलं ऑफिस होतं. मग दर महिन्याला श्वास रोखून आपण उघडतो तो रोस्टर. माझा बेस मुंबई. पहाटेचा रिपोर्ट असला की रात्री दोनला गजर, आणि दिवसभरात कधी कधी चार सेक्टर. त्यातलं एखादं नागपूर. उतरायचं, अर्धा तास थांबायचं, प्रवासी बदलायचे, दार लावायचं. भंडारा तिथून साठ किलोमीटरवर. आई फोनवर म्हणते, “इतक्या जवळ येऊन गेलीस वं?” ह्याची सवय होत नाही, आणि कुठलंही टाइप रेटिंग त्यावर औषध नाही. औषध एकच, बेस.

म्हणून कंपनीला पहिला प्रश्न बेसचा विचार. नागपूर मिळेलच असं नाही, पण मिळत असेल तर एटीआर काय, काहीही घे. स्टाफ तिकिटावर येऊ-जाऊ म्हणशील, तर ती सीट उरली तरच आपली. दिवाळीत उरत नाही.

डीजीसीएनं १ जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली. बारा तासच वाढले, असं बाहेरच्याला वाटेल. पण साकोलीच्या मुलीला विचार. ३६ तासांत नागपूरचं विमान, मग गाडी, एक रात्र घरी, आणि जेवण उतरत नाही तोच परतीची बॅग. ४८ मध्ये निदान निवांत जेवण तरी होतं. नोव्हेंबरपासून रात्रीच्या लँडिंगवर बंधनं आली आणि डिसेंबरात विमानतळांवर काय हाल झाले, ते तू टीव्हीवर पाहिलंसच. मग सवलतीही दिल्या गेल्या. तेव्हा नियम वाचून खूश होऊ नकोस. त्या कंपनीत दोन वर्षं काढलेल्या एखाद्या को-पायलटला गाठ आणि म्हण, गेल्या महिन्याचा रोस्टर दाखव.

आता तुझं ट्रिपल सेव्हन. ९ जानेवारी २०२१ ला सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला निघालेल्या ट्रिपल सेव्हनच्या कॉकपिटमध्ये झोया अगरवाल, थन्मई पापागारी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास होत्या. उत्तर ध्रुवावरून, सतरा तासांच्या आसपास. अंगावर काटा येतो, माझ्याही. पण हिशेब कर: पायलट चार, लँडिंग एक. अशा महिन्यात तुझ्या वाट्याला किती लँडिंग येतील? आपल्याला तर ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हवीतच, नाहीतर सिम्युलेटर गाठायचा. माझी एक बॅचमेट लांब पल्ल्यावर आहे. सलग चार दिवस घरी असते खरी, पण त्यातले दोन दिवस ती रात्री तीनला पोहे करत असते. दुसरी मात्र म्हणते, लेकरू लहान असताना मला ह्या सलग सुट्ट्यांनीच तारलं. तेव्हा तेही वाईट नाही, फक्त तुझ्या वयाला त्याची घाई नाही.

चोविसाव्या वर्षी हात बसायला हवा. एटीआरची मर्यादा २५,००० फूट, म्हणजे जुलैचे ढग वरून ओलांडायची चैन नाही. वाट काढायची, आखूड धावपट्टीवर नेमकं टेकवायचं, दिवसातून अनेकदा. शिवाय कमांड तिथे बहुधा लवकर मिळते, आणि कॅप्टन म्हणून लॉगबुकात चढलेले तास पुढे कुठेही चालतात. सौदामिनी देशमुख ठाऊक आहेत ना? इंडियन एअरलाइन्सची पहिली सर्व-महिला फेरी, नोव्हेंबर १९८५, कोलकाता ते सिलचर. कॅप्टन त्या, सोबत निवेदिता भसीन. विमान फॉकर फ्रेंडशिप, तेही पंख्याचंच! पुढे त्या बोइंग ७३७ आणि एअरबस ए-३२० च्याही कॅप्टन झाल्या.

एकच गोष्ट मोठ्या विमानाच्या मोहात पोरी विसरतात, ती सिनिऑरिटी. कंपनी बदललीस की यादीत पुन्हा तळाला. भाऊबीज, मंडई, पोळा, सगळ्या सुट्ट्या वरच्यांच्या. तुझ्या वाट्याला ३१ डिसेंबरची स्टँडबाय. आणि सोडायचं म्हटलं तरी को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस, कॅप्टनला वर्षाची. हो, कंपनीच बुडाली तर सिनिऑरिटीही बुडते, २०१९ च्या एप्रिलात जेटवाल्यांची बुडाली तशी. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. म्हणून कर्ज काढून स्वतःच्या पैशानं टाइप रेटिंग करताना दहादा विचार कर. बॉण्डचा कागद सही करण्याआधी मला पाठव, काकांना नको. ते तुझ्याआधी सही करतील.

एटीआर घे. एअरबसचं बोलावणं आलंच तर आधी बेस विचार, मग मला फोन कर. आणि हो, काकू स्थळांचंही बोलत होती. मुलाकडच्यांना युनिफॉर्ममधला फोटो पाठवू नकोस, महिन्याचा रोस्टर पाठव. तो वाचूनही जो यायचं म्हणेल, त्याला पोहे मी करते.